माझ्या जावेचा उजवा पाय

आमच्या तलावापासून थेट हमरस्त्यापर्यंत अशी एकही कंबर नाही, जिला माझ्या धाकट्या जावेची लाथ बसलेली नाही. यात मी काही वाढवून सांगत नाही. आत्ताचा सरपंच आहे, त्याच्या आधीचा आहे, आणि त्या दोघांनी मिळून ज्याला पाडलं तो तिसराही आहे. तिघंही आमच्या दाराची चौकट धरून, पाठमोरे उभे राहून, डोळे मिटून लाथ खाऊन गेले, आणि जाताना वर हात जोडून गेले. असा मान मी तरी दुसऱ्या कोणत्या बाईला मिळालेला पाहिला नाही.

जाऊ पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून येताना तिने डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले. एवढंच तिचं कर्तृत्व. पण पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेतली उसण जाते असं आमच्याकडे सगळेच मानतात, आणि तिच्याइतकं ते कोणीच मानत नाही. मी पहिल्यापासून सांगत आले की उसण तीन दिवसांत आपली आपणच जाते, लाथ मारा नाहीतर आरती ओवाळा. कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला एका लाथेत गुण येई. पहिल्या दिवशी आलेल्याला ती चौकटीशी उभं करून, कंबर दाबून बघून सांगे की ही हट्टी आहे, अजून दोनदा यावं लागेल. तिचं कधी चुकलं नाही ते असं.

लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी सासऱ्यांची कंबर धरली. सासरे म्हणजे घरातल्या मांजरानेसुद्धा त्यांच्यासमोर मोठ्याने ओरडू नये असा माणूस. सासूने नव्या सुनेला हाक मारली. ही डोक्यावरून पदर घेऊन, मान खाली घालून आली, आणि मान खालीच ठेवून अशी लाथ घातली की सासरे चौकट सोडून ओसरी ओलांडून कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन थांबले. मग ही पदर सावरत तिथवर गेली आणि त्यांच्या पाया पडली, कारण लाथ मारणाऱ्याने नंतर नमस्कार करायचा असा नियम आहे. सासरे उठले, कंबर चाचपली, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "सून चांगली आहे." मी त्या घरात सहा वर्षं मासे साफ करत होते, भात रांधत होते, आणि मला हे कोणी म्हटलं नव्हतं. लाथ मारायची राहून गेली हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, तलावात जाळं टाकणारा शांत माणूस. त्याची कंबर कधीच दुखली नाही. निदान दुखते असं तो कधी बोलला नाही. लग्नापासून आजतागायत तो घरात भिंतीला पाठ लावूनच बसतो.

तो उजवा पाय म्हणजे घरातलं एक वेगळं माणूसच होतं. त्याला सकाळी कोमट पाणी, रात्री करडईचं तेल. डाव्याला जे उरेल ते. उजव्या पायात चांभाराकडून शिवून घेतलेली चामड्याची चप्पल, डाव्यात कोणाची तरी टाकून दिलेली रबरी. त्यामुळे ती रस्त्याने चालली की एकदा टॉक आणि एकदा फतक असा आवाज येई, आणि आवाजावरूनच लोक ओळखत. उन्हाळ्यात अंगणात झोपलो की उजवा पाय उशीवर आणि डोकं हातावर. एकदा एसटीत एका माणसाने चुकून त्या पायावर पिशवी ठेवली, तर तिने त्याला विचारलं की तुला पुढे कधी कंबर लागणार आहे की नाही.

लाथेतही तिचं माणसागणिक मोजमाप असे. बाळंतिणीला नुसता धक्का, म्हाताऱ्याला अंगठ्याने, सरपंचाला मध्यम. तलाठ्याची पाळी आली की ती चार पावलं मागे जाऊन पळत यायची. मी विचारलं, एवढं कशाला, तर म्हणाली, "बसून बसून त्याची कंबर जाड झाली, बाई. आतपर्यंत पोचाले नको का?" घ्यायची मात्र कोणाकडून काही नाही, साधा नारळही नाही. घेतलं की पायातला गुण जातो म्हणे.

रोवणीचे दिवस म्हणजे तिचा सुगीचा काळ. दिवसभर कमरेत वाकून चिखलात धानाची रोपं, म्हणजे आमचे पऱ्हे, रोवायचे, तर संध्याकाळी कोणाची कंबर सरळ राहील. आमच्या दारात बायांची रांग लागायची. त्याच शेतात, त्याच बांधीत हीही आमच्याबरोबर वाकलेली असायची, पण आभाळ जरा गुरगुरलं की पऱ्ह्याची जुडी माझ्या हातात देऊन घरी चालती व्हायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते. चाळीस वर्षांत तिच्या वाटच्या किती ओळी मी रोवल्या ते सांगत बसत नाही. माझ्यावर वीज पडली तर चालणार होतं.

जवाहरनगरच्या कारखान्यातला एक साहेब दर रविवारी स्कूटरवर यायचा. हेल्मेट न काढताच चौकट धरायचा. कोणी ओळखू नये म्हणून. हेल्मेटमधूनच म्हणायचा, "मावशी, आज जरा डावीकडे." अख्खं गाव त्याला हेल्मेटवाला साहेब म्हणून ओळखत होतं.

तर अशी सगळी बरकत चाललेली असताना, दोन उन्हाळ्यांमागे, आम्ही दोघी तलावाच्या पाळीवरून घरी येत होतो. दुपारची वेळ, पाळ तव्यासारखी तापलेली. ती पुढे, मी मागे. चालता चालता तिच्या उजव्या पायातली चप्पल निघून मागे पडली. चामड्याची. आणि ती चालतच राहिली. दहा पावलं, वीस पावलं, उघड्या पायाने त्या जळत्या मातीवर. मी चप्पल उचलली आणि हाक मारली, तुझी चप्पल पडली. ती म्हणाली, कोणती. मग खाली बघितलं. नुसतं बघत राहिली.

घरी येऊन मी तिला कोंडीत पकडलं तेव्हा बोलली. तीन महिन्यांपासून कमरेतून अंगठ्यापर्यंत करंट मारल्यासारखं होत होतं. मग मुंग्या आल्या. आता मुंग्याही गेल्या, पाय जागेवर आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. पाऊल वर उचलत नाही, घासत येतं. मागच्याच आठवड्यात एका बाईला चौकटीशी उभं करून तिने लाथ मारली, आणि ती बाई बराच वेळ वाट पाहून म्हणाली की मावशी, सुरू करा ना. लाथ चौकटीला बसली होती. अंगठ्यातून रक्त आलं ते तिला नंतर फरशीवर दिसलं.

"कोनाले सांगू नको, बाई," ती म्हणाली. "पाय गेला तर माहं काय राह्यते? एक म्हातारी राह्यते. तशा गावात लय हायत."

मी म्हणाले, डॉक्टरकडे चल. तर म्हणाली, पायाळूच्या कमरेला पायाळूचाच पाय लागतो. स्वतःच्या कमरेत स्वतः लाथ मारता येत नाही, हे तिने करून पाहिलं होतं. खाटेवरून पडली होती.

मग दुसरा पायाळू शोधणं आलं. नाकाडोंगरीच्या बाजूला एक म्हातारा आहे असं कळलं. दोन बस बदलून आम्ही गेलो. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, दारात काठी घेऊन बसलेला. आम्ही कशाला आलो ते जावेने सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो म्हणाला, "माय, मी तीस वर्सांपासून पायाळूची वाट पाहून राहिलो. माही कंबर कोन पाहीन?"

आता आधी कोण, यावर दोघांचा अर्धा तास गेला. तो म्हणे तू पाहुणी, आधी तुझी कंबर. ही म्हणे तुम्ही मोठे, आधी तुमची. शेवटी तिचा पाय लुळा असल्याने त्यानेच सुरुवात करायचं ठरलं. जाऊ चौकट धरून उभी राहिली. म्हाताऱ्याचा तोल जाऊ नये म्हणून मी त्याला काखेत धरून बाजूला उभी. त्याने काठी टाकली, देवाचं नाव घेतलं, पाय उचलला, आणि लाथ मला बसली. माझी कंबर चांगली होती. पुढे आठ दिवस ती चांगली नव्हती.

तेवढ्याने झालं नाही. लाथ मारणाऱ्याने नमस्कार करायचा म्हणून म्हातारा माझ्यासमोर वाकला. तो वयाने मोठा, त्याने वाकावं हे जावेला बरं वाटलं नाही, म्हणून तीही त्याच्यासमोर वाकली. आणि मग दोघांनाही वर येता येईना. दोन पायाळू, डोक्याला डोकं लावून, गोठ्यातल्या भांडणाऱ्या बैलांसारखे वाकून उभे, आणि दोघंही मला सांगताहेत की आधी त्याला उचल, आधी तिला उचल. मी माझी कंबर धरून खाली बसले आणि दोघांना सांगितलं की मला कोणी उचला. शेवटी शेजारच्या घरातली माणसं आली.

परतीला आम्ही थेट घरी गेलो नाही. मी लाखनीला उतरले आणि तिला उतरवलं. तिथे तिची लेक राहते, शिवणकाम करते. लेकीला सगळं सांगितलं. सांगू नको म्हटलं होतं, पण माझ्या कमरेत लाथ बसल्यानंतर मी कोणाचं गुपित ठेवायला बांधलेली नव्हते. लेक शहाणी. तिने दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघींना नागपूरला नेलं.

आधी तिला मशीनच्या बोगद्यात घालून कमरेचा फोटो काढला. मग डॉक्टरने तो उजेडासमोर धरून समजावलं. मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, ती एका जागी बाहेर आली आहे. तिथूनच पायाची नस जाते, ती दबली आहे. पाय चांगलाच आहे, बिघाड वर कमरेत आहे. पण पाऊल उचलत नाही म्हणजे फार दिवस थांबता येणार नाही, नाहीतर नस मरेल आणि पाय कायमचा लोंबता राहील. दुर्बिणीने ऑपरेशन करू. बारीक भोक पाडायचं, त्यातून नळी घालायची, नसेवर आलेला तुकडा चिमट्याने काढायचा, दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर तरुण, शांत. भोक केवढं ते त्याने करंगळीच्या नखावर दाखवलं.

जाऊ भडकली. म्हणाली, "शिंगाडा मासा साफ कराचा तं बित्ताभर चिरा लागते. अन् माही कंबर तुमी नखाएवढ्या भोकातून साफ करता?" चाळीस वर्षं लोकांच्या कमरा सांभाळणाऱ्या बाईच्या कमरेला निदान वीतभर तरी जखम पाहिजे, असं तिचं म्हणणं. डॉक्टर म्हणाला, मावशी, मोठं चिरलं तर तुम्हालाच त्रास. ती म्हणाली, मी त्रासाला भीत नाही, लोक काय म्हणतील.

मी तिथेच तिला सांगितलं की लोकांना दाखवायला तुला तिथे लुगडं वर करावं लागेल, तेव्हा भोक केवढं याचा विचार सोड आणि हो म्हण. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. लेकीने सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही थांबलो होतो. समोर एक माणूस कमरेला पट्टा बांधून, तोंडाला रुमाल बांधून बसलेला. त्याने जावेला पाहिलं आणि रुमाल नाकापर्यंत वर ओढला. तिने त्याला पाहिलं आणि पदर पुढे ओढला. हेल्मेट नव्हतं तरी मी ओळखला. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही इथंही बसता का? बरं झालं. म्हणजे दवाखान्याने तुम्हाला ठेवून घेतलंच शेवटी." त्याला वाटलं, डॉक्टरच्या हाताला गुण आला नाही की पुढे लाथेला पाठवतात. जाऊ म्हणाली, हो, पण आज सुट्टी आहे.

पेशंटला अशा ऑपरेशनात पूर्ण झोपवत नाहीत. जागा बधिर करतात आणि माणूस जागाच ठेवतात, कारण नसेला धक्का लागला तर ते तोच सांगू शकतो. हे डॉक्टरने सांगितलं तेव्हा मला त्याचीच काळजी वाटली. आत काय झालं ते नंतर नर्सने सांगितलं. ही पालथी पडलेली, तोंड खाली, आणि तिथूनच डॉक्टरला हुकूम: जरा डावीकडे. आतपर्यंत पोचा, भिऊ नका. हळूहळू कायले करून राहिले, तलाठी समजून करा. नर्सला तलाठ्याचं काही कळलं नाही. डॉक्टर मध्ये मध्ये विचारत होता, मावशी, पायात काय वाटतं, आणि ती म्हणत होती, काही नाही. पुन्हा विचारलं, काही नाही. पुन्हा विचारलं, तर ती बोललीच नाही. डॉक्टर घाबरला, हात थांबवला, खाली वाकून तिचं तोंड बघितलं. ती रडत होती. नर्स म्हणाली, दुखतंय का. तर ही म्हणाली, "करंट आला."

बाहेर आणली तेव्हा मी कमरेवर बघितलं. एक छोटी पट्टी. शाळेत लेकरू पडलं की गुडघ्यावर लावतात तेवढी.

डॉक्टरने सांगितलं होतं की नस मोकळी झाली, पण इतके दिवस दबलेली होती, तिला वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही. घरी आल्यावर ती रोज सकाळी अंगणात बसून उजव्या पायाकडे बघत बसायची. अंगठा हलवायची. तो हलायचा नाही. मी केर काढता काढता तिच्या पायावरून मुद्दाम झाडू फिरवायची आणि विचारायची, लागलं का. ती म्हणायची, नाही. बारा दिवस नाही. तेराव्या दिवशी म्हणाली, "झाडू बदलव. टोचते." मी झाडू बदलला नाही.

दीड महिन्याने दाखवायला गेलो. डॉक्टरने तळव्याला हात लावून सांगितलं, मावशी, माझा हात ढकला. जाऊ म्हणाली, हाताने काय कळणार, पाठ करा. मी मान खाली घातली. डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दार लावलं. दिवसातून आठ-आठ तास उभं राहून ऑपरेशनं करणारा माणूस, त्याच्या कमरेचं तिने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तो टेबल धरून पाठमोरा उभा राहिला, पण म्हणाला, "झटका नको मावशी. झटका दिलात तर गादी परत बाहेर येईल. नुसता टेकवा आणि हळूच दाबा." तिने टेकवला. हळूच दाबला. आयुष्यात पहिल्यांदा तिने लाथ मारण्याऐवजी पाय ठेवला. डॉक्टर म्हणाला, छान आहे, आता पुन्हा यायची गरज नाही. नमस्कार करायला वाकू लागली तर त्याने धावत येऊन तिला धरलं. वाकायचंही नाही म्हणाला.

त्यानंतर लाथ बंद. रोवणीही बंद. तिच्या वाटच्या ओळी आता मी कायमच्या रोवते. गावाला सगळं कळलंच होतं, कारण हेल्मेटवाल्या साहेबाच्या पोटात काही राहत नाही. मला वाटलं, आता दारात कोणी यायचं नाही. जिची स्वतःची कंबर नागपूरला न्यावी लागली तिच्याकडे कोण येईल. झालं उलटंच. लोक येतात. पाय बधिर होतो, पाऊल घासत येतं असं कोणी म्हटलं की ती चौकट धरूच देत नाही, डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी हातात ठेवते आणि बसची वेळ सांगते. एका बाईला तर ती स्वतः बसमध्ये बसवून आली. पण साध्या उसणीवाले ऐकत नाहीत. चौकट धरून उभेच राहतात. मग ती स्टुलावर बसते, पाय उचलते आणि त्यांच्या कमरेवर नुसता टेकवते.

परवा रोवणीवरून आलेली एक बाई अशीच उभी होती. जावेने पाय टेकवला आणि काढलाच नाही. मी चुलीपाशी होते. भाताला उकळी येऊन गेली तरी पाय तिथंच. ती बाई बिचारी चौकट धरून तशीच उभी. शेवटी मी म्हणाले, सोड आता तिला, घरी लेकरं असतील.

"थांब ना, बाई," ती म्हणाली. "माणसाची पाठ इतकी गरम राह्यते, मले मालूमच नव्हतं."

मी भात उतरवला. त्या बाईला म्हणाले, उभी राहा अजून थोडी.